लॅमिनेटेड दस्त्यासाठी ॲल्युमिनियमचा बेडिंग ब्लॉक: तालुक्याच्या लेथवर, घरच्या राउटरनं

दहा मीटर एअर रायफलच्या निशाणावर दहा गुणांचा ठिपका फक्त ०.५ मिलिमीटरचा असतो. मागचा डायॉप्टर (बारीक भोकाची साईट) आणि नळीच्या टोकावरची साईट यांच्यात साधारण ७५ सेंटिमीटर अंतर धरा. ॲक्शन, म्हणजे नळी आणि ट्रिगर धरणारा रायफलचा धातूचा गाभा, किंचित वाकली आणि डायॉप्टर ०.०५ मिलिमीटर सरकला, तर दहा मीटरवर नेम सुमारे ०.६७ मिलिमीटर चुकतो. अख्ख्या ठिपक्याहून जास्त. ०.०५ मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही, पण लाकडी दस्त्याचा स्क्रू अर्धा फेरा जास्त आवळला तर तेवढं सहज होतं. म्हणून दस्त्यात, ॲक्शनखाली, तिला टेकायला धातूचा बेडिंग ब्लॉक बसवायचा.

काही जण म्हणतात, साईट आणि नळी दोन्ही ॲक्शनवरच बसलेल्या असतात, मग ॲक्शन दस्त्यात हलली तरी बिघडलं काय, नेमही तिच्यासोबतच हलेल. हे अर्धं खरं आहे. ॲक्शन आख्खी सरकली तर फार फरक पडत नाही. पण ती वाकली, किंवा आज एका जागी टेकली आणि उद्या दुसऱ्या, तर छऱ्यांचा पुंजका फुटतो आणि पोरगा आपल्या हातालाच दोष देत बसतो. ब्लॉकचं काम ॲक्शनला करकचून धरण्याचं नाही. दर वेळी त्याच जागी, काही ताण न देता बसवण्याचं आहे. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीसाठी आहे, आणि कुठे काय करावं असा प्रश्न पडला तर याच कसोटीवर ठरवा.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त छळतो, कारण हवा. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीची नावं देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांत येतात. महिन्याभरात पाऊस लागला की त्याच घरातली दारं चौकटीत अडकायला लागतात. लाकूड दमटपणानं आडवं फुगतं आणि कोरडेपणानं आकसतं; लांबीत ते जवळजवळ बदलत नाही. सागवान या बाबतीत गुणी आहे, तरी ओल्यापासून पार सुकेपर्यंत तेही आडव्या अंगानं अडीच ते सहा टक्के आकसतं. लॅमिनेटेड दस्त्यात पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असल्यानं एका थराची पीळ घेण्याची ओढ दुसरा थर मारतो. म्हणून तो एकसंध लाकडापेक्षा कमी वाकतो. स्क्रूखाली दबण्याचं मात्र थांबत नाही. तिथे धातूच लागतो.

आधी कायद्याचं

हा लेख फक्त परवाना न लागणाऱ्या एअर रायफलबद्दल आहे. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंत बोअर (नळीच्या भोकाचा व्यास) आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. कास्तकारांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ज्या बंदुका असतात, त्यांना या पद्धतीनं हात लावू नका. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात बदल करायलाही वेगळा परवाना लागतो, आणि तो गावच्या लेथवाल्याकडे नसतो. एअर रायफल घेऊन बोडीवरच्या (लहान तळ्यावरच्या) पाखरांमागे जाणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. पोरांना हे पहिल्या दिवशीच सांगा.

खाली सांगितलेलं काम दाबाच्या हवेवर चालणाऱ्या, म्हणजे पीसीपी रायफलचं आहे. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन आधी मागे आणि लगेच पुढे झटका देतो, शिवाय तिच्या नळकांड्याखाली लिव्हरची खाच असते. तिथे हा ब्लॉक बसत नाही. बाजूच्या स्क्रूंना धातूच्या वाट्या करणं हा तिचा वेगळा मार्ग आहे.

काम सुरू करण्याआधी नळी रिकामी असल्याची खात्री करा, सिलिंडरची हवा पूर्ण सोडा आणि तो सुटा होत असेल तर काढून घराच्या दुसऱ्या खोलीत ठेवा. सिलिंडरला ड्रिल, कानस, वेल्डिंग, शेगडी यांतलं काहीही कधीही लागता कामा नये. त्यात २०० बारच्या आसपास दाब असतो आणि ओरखडासुद्धा त्याला कमजोर करू शकतो.

धातू कोणता, किती

ॲल्युमिनियम घ्या. नागपुरात धातूच्या दुकानात ‘एचई-३०’ म्हणून मागितलं की मिळतं. तीच ६०८२ मिश्रधातू. टी-६ टेम्परची, म्हणजे उष्णतेनं कडक केलेली, असेल तर उत्तम, कारण मऊ ॲल्युमिनियम कटरला चिकटतं आणि धार ओरबाडते. भंगारातला तुकडा स्वस्त पडतो, पण तो कोणत्या जातीचा हे कळत नाही, आणि ओतीव तुकड्यात आत पोकळ्या निघतात. दोनशे-तीनशे रुपये वाचवायला इथे जाऊ नये.

लोखंड का नको, असं लेथवाले मिस्त्री हमखास विचारतात. लोखंड जड, आणि स्पर्धेत रायफलचं वजन साडेपाच किलोच्या आत ठेवावं लागतं. शिवाय बहुतेक पीसीपी रायफलींची ॲक्शन स्वतःच ॲल्युमिनियमची असते. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. शंभर मिलिमीटर लांबीत ३० अंशांच्या फरकाला ॲल्युमिनियम ०.०७ मिलिमीटर वाढतं, लोखंड ०.०३५ च्या आसपास. जानेवारीच्या पहाटे आणि एप्रिलच्या दुपारी हा फरक स्क्रूंवर ताण म्हणून येतो. ॲक्शन आणि ब्लॉक एकाच धातूचे असले की दोघं सोबतच वाढतात. तुमची ॲक्शन लोखंडी असेल तरी वजनासाठी ब्लॉक ॲल्युमिनियमचाच ठेवा, फक्त मागचं भोक थोडं सैल करा. ते पुढे येतंच.

मापं

उदाहरणासाठी गोल बुडाची, ३० मिलिमीटर व्यासाची आणि ट्रिगरच्या पुढे-मागे एकेक एम-६ स्क्रू असलेली ॲक्शन धरू. तुमची वेगळी असेल तर मापं तुमची, रीत हीच. बूड सपाट असेल तर ब्लॉकला व्ही खाचेऐवजी सपाट पाठ ठेवायची.

स्क्रूंमधलं अंतर काढायला ॲक्शनच्या बुडावर लांबीच्या दिशेनं कागदाची पट्टी घट्ट दाबा आणि पेन्सिल आडवी धरून घासा. भोकांच्या कडा कागदावर उमटतात. मग व्हर्नियरनं दोन्ही भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर थेट ॲक्शनवर मोजा आणि त्यातून एका भोकाचा व्यास वजा करा. कागदाचं माप आणि व्हर्नियरचं माप जुळलं तरच पुढे जा.

ब्लॉक ११० मिलिमीटर लांब, ३२ रुंद, २५ उंच. त्याच्या पाठीवरची व्ही खाच ९० अंशांची, वरच्या बाजूला २५ रुंद आणि म्हणून १२.५ खोल. या खाचेत ३० व्यासाची ॲक्शन तळापासून १०.६ मिलिमीटर उंचीवर दोन्ही बाजूंना टेकते. म्हणजे टेकण्याच्या रेषेच्या वर जवळजवळ दोन मिलिमीटर धातू उरतो, आणि ॲक्शनचं बूड खाचेच्या तळापासून सहा मिलिमीटर अधांतरी राहतं. अधांतरी राहिलंच पाहिजे. ॲक्शन बुडालाही टेकली तर ती तीन जागी टेकते, आणि तीन जागांपैकी एक नेहमी खोटी असते. ट्रिगरसाठी मधोमध १६ बाय ४० ची खिडकी लागेल. तुमच्या ट्रिगरचं माप घेऊन चारही बाजूंनी एकेक मिलिमीटर मोकळं सोडा. असा ब्लॉक सुमारे १६० ग्रॅम भरतो. काढलेल्या लाकडाचं वजन वजा जाता रायफल शंभर-सव्वाशे ग्रॅमनं जड होते.

वर्कशॉपमध्ये

मिलिंग मशीन मिळालं तर बरंच. पण हिंगणघाट, वणी, उमरेड, तुमसर अशा गावांत जिनिंग, राइस मिल आणि ट्रॅक्टरच्या कामावर चालणारी वर्कशॉपं आहेत, आणि त्यांच्यापैकी कुणाकडे तरी कोपऱ्यात जुना शेपर (पुढे-मागे सरकत धातू ताशणारं मशीन) सापडतो. व्ही खाचेसाठी शेपरसारखं मशीन नाही. आयटीआयच्या फिटर ट्रेडला पोरं व्ही-ब्लॉक करतातच, त्यामुळे मिस्त्रींना हे काम समजावून सांगावं लागत नाही. रायफलचं आहे हे मात्र स्पष्ट सांगा आणि एअर रायफलचं बिल सोबत ठेवा. शंका ठेवून कुणी मन लावून काम करत नाही.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी सहाही बाजू काटकोनात करून घ्या. मग भोकं, आणि खाच सगळ्यांत शेवटी. खाच आधी केली तर तिच्या उतारावर ड्रिल घसरतं. बुडाच्या बाजूनं मध्यरेषा आखून, पंच मारून पुढचं भोक ६.२ आणि मागचं ७ मिलिमीटरचं करा. पुढचा स्क्रू जागा ठरवतो, मागचा फक्त धरतो. दोन्ही भोकं तंतोतंत ठेवली तर दहावा भाग मिलिमीटरची चूकही ॲक्शनला लांबीत ओढते, आणि तिथूनच वाकण्याची सुरुवात होते. मग ट्रिगरची खिडकी.

खाचेसाठी आधी मध्यरेषेवर ३ मिलिमीटर रुंद आणि १३ मिलिमीटर खोल सरळ चीर काढा. टूलला शेवटी निसटायला जागा मिळते आणि खाचेच्या तळाशी गोलाई राहत नाही. मग शेपरचं हेड ४५ अंशांवर वळवून एक बाजू, आणि तुकडा व्हाइसमध्ये पुढचं टोक मागे असा फिरवून, हेडला हात न लावता दुसरी बाजू. हेड एकाच सेटिंगवर ठेवल्यानं दोन्ही उतार सारखे येतात. शेवटचे दोन कट अगदी बारीक, पाव मिलिमीटरच्या आत. ॲल्युमिनियमवर रॉकेल टाकत राहायचं. रॉकेल मिळेनासं झालंय, डिझेलही चालतं.

मिस्त्री शेवटी एमरी पेपरनं खाच चमकवायला घेतील. त्यांना थांबवा. हातानं घासलेला पृष्ठभाग मधे उंच आणि टोकांना उतरता होतो. कटरच्या बारीक रेषा राहू द्या.

बाहेरच्या उभ्या कडा ४ मिलिमीटर त्रिज्येनं गोल करा. कारण लाकडात पुढे समजेल. दोन्ही बाजूंना आणि बुडाला एक मिलिमीटर खोल दोन-तीन आडव्या चरा पाडा, गोंद तिथे पकडतो. लेथवर १२ मिलिमीटर व्यासाच्या, ६.५ मिलिमीटर भोकाच्या दोन नळ्याही करून घ्या. त्यांना पिलर म्हणू. ते ब्लॉकच्या बुडापासून दस्त्याच्या खालच्या अंगापर्यंत जातात. स्क्रूचं डोकं पिलरवर, पिलर ब्लॉकवर, ब्लॉक ॲक्शनवर. या साखळीत लाकूड कुठेही दबत नाही. पिलर सध्या एक मिलिमीटर लांबच ठेवा.

काजळीची तपासणी

चिमणीची काजळी बोटभर तेलात कालवून ॲक्शनच्या बुडावर अगदी पातळ फासा. ब्लॉक टेबलावर ठेवून ॲक्शन सरळ वरून टेकवा आणि उचला. खाचेच्या दोन्ही उतारांवर टोकापासून टोकापर्यंत अखंड काळी रेघ आली पाहिजे. एकाच बाजूला जाड आणि दुसरीकडे तुटक आली, तर तुटक रेघेचा उतार सरळ आलेला नाही. थोडं तुटक असेल तर चालेल. त्याचा इलाज शेवटी आहे. पण ॲक्शन डुलत असेल तर ब्लॉक परत शेपरवर न्या. गोंद भरून डुलणं झाकता येतं, बरं करता येत नाही.

लाकडात खाचा

लॅमिनेटेड दस्ता आधी पंधराएक दिवस त्याच खोलीत उघडा ठेवा जिथे काम करणार आहात. हे काम दिवाळीपासून होळीपर्यंतच करावं असं माझं ठाम मत आहे. श्रावणात फुगलेल्या लाकडात बसवलेला ब्लॉक चैत्रात लाकूड आकसलं की ताणाखाली येतो, आणि मे महिन्यातल्या दुपारी गोंद हातातच घट्ट होतो.

दस्ता गावातल्या सुताराकडून सागाच्या पट्ट्या चिकटवून केला असेल तर अभिमानच बाळगा. नव्या संसद भवनासाठी आणि अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही विदर्भाचाच साग गेला. फक्त एवढं लक्षात घ्या की सागात तेल असतं आणि सिलिकाही. सिलिका हत्याराची धार खाते, तेल गोंद धरू देत नाही.

राउटरला ८ मिलिमीटरचं कार्बाइड बिट लावा. साधं एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचं) बिट थरांमधल्या कडक गोंदावर लगेच बोथट होतं आणि लाकूड जाळायला लागतं. लाकडातल्या खाचेची रुंदी ३२.६, लांबी ११०.६, खोली ब्लॉकच्या उंचीपेक्षा ०.८ जास्त. म्हणजे गोंदासाठी बाजूंना ०.३ आणि बुडाला ०.८ मिलिमीटर. बिटची त्रिज्या ४ असल्यानं कोपरे आपोआप ४ चे येतात, आणि ब्लॉकच्या कडा आपण तशाच गोल केल्या आहेत. पटाशीनं कोपरे कोरण्याची गरज उरत नाही. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरहून जास्त खोल जाऊ नका. सुरुवातीला कड धारदार सुरीनं आखून घ्या, नाहीतर वरचा थर उचकटतो.

पिलरसाठी १२.५ मिलिमीटरची भोकं वरून आरपार पाडा. खालच्या बाजूला लाकडाचा तुकडा शिकंजानं घट्ट लावून ठेवा, म्हणजे बाहेर पडताना ड्रिल थर फाडत नाही. नळीची खाचही याच वेळी सगळीकडून दीड-दोन मिलिमीटर मोकळी करा. कोरलेल्या सगळ्या लाकडाला पातळ इपॉक्सीचा हात द्या. उघडं राहिलेलं लाकूड पावसाळ्यात आतून पाणी ओढतं.

गोंद

इथे घाई नको. या टप्प्यावर जे बसेल ते कायमचं.

दोन ट्यूबचं हळू वाळणारं अरल्डाइट, म्हणजे इपॉक्सी गोंद, घ्या, पाच मिनिटांत वाळणारं नको. ब्लॉकची बाहेरची बाजू आणि पिलर ८० नंबरच्या पेपरनं खरखरीत करा, ॲसिटोननं पुसा आणि अर्ध्या तासात चिकटवा, कारण ॲल्युमिनियमवर हवेनं ऑक्साइडचा थर लगेच जमायला लागतो. सागाची खाचही ॲसिटोननं दोनदा पुसा. हातात मोजे हवेत. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा झाली की जन्मभर राहते.

ज्याला गोंद लागायला नको त्याला मेण. फायबरच्या टाक्या बनवणारे साच्याला लावतात ते मेण उत्तम. ॲक्शनवर, स्क्रूंवर, ब्लॉकच्या व्ही खाचेच्या आत तीन हात द्या आणि प्रत्येक हात सुकल्यावर चोळा. ॲक्शनची बाकी भोकं, ट्रिगरची जागा, व्ही खाचेच्या तळाची चीर मुलांच्या खेळायच्या मातीनं बुजवा. मेण लावायचं राहिलेली एक जागासुद्धा ॲक्शनला दस्त्यात कायमची अडकवू शकते.

आता ब्लॉक आणि पिलर स्क्रूंनी ॲक्शनलाच लावा, नुसते बोटांनी फिरतील तेवढे. नळीच्या पुढच्या भागावर चिकटपट्टीचे वेढे द्या, जोवर ती दस्त्याच्या खाचेत बरोबर मधोमध बसत नाही. मग लाकडातल्या खाचेच्या बुडाला आणि बाजूंना गोंद पसरा आणि ॲक्शन, ब्लॉक, पिलर हे सगळं एकत्र वरून खाली उतरवा. गोंद कडांनी वर आला की पुरेसा आहे. शिकंजा लावू नका, स्क्रू आवळू नका. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या हलक्या गुंडाळल्या की झालं. या क्षणी ॲक्शनवर काही ताण नाही, आणि गोंद तिला नेमकं याच अवस्थेत धरून ठेवणार आहे. शिकंजानं दाबलात तर दाबलेली अवस्था कायम होईल.

वर आलेला गोंद थिनरच्या कापसानं लगेच पुसा. दस्ता आडवा, सरळ, २४ तास. रात्री थंडी दहा-बारा अंशांवर उतरत असेल तर ३६ तास. उन्हात ठेवून लवकर वाळवण्याचा मोह टाळा. एका अंगानं तापलेलं लाकूड वळतं.

स्क्रू काढा, नळीला हातानं वरच्या दिशेनं हलके हिसके द्या. ॲक्शन सुटते, ब्लॉक लाकडात राहतो. खाली लांब राहिलेले पिलर कानसून दस्त्याच्या अंगाशी आणा.

पुन्हा काजळी. रेघ अखंड असेल तर इथेच थांबा. तुटक असेल तर उतारांवरचं मेण ॲसिटोननं साफ करा, ते खरखरीत करा, ॲक्शनला परत मेण लावा आणि व्ही खाचेत अरल्डाइटचा अगदी पातळ थर देऊन पुन्हा नुसत्या वजनावर बसू द्या. शेपरवर केलेल्या खाचेला हा थर बहुतेक वेळा लागतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

ताण आहे का, हे पाहणं

मॅग्नेटच्या स्टँडवरचा डायल गेज वर्कशॉपमधून तासाभरासाठी आणा. दस्ता व्हाइसमध्ये कापडात धरा, गेज दस्त्याच्या पुढच्या टोकावर शिकंजानं बसवून त्याची सुई नळीला टेकवा. पुढचा स्क्रू आवळलेला असू द्या. मागचा सैल करा, आवळा, सैल करा. सुई ०.०५ मिलिमीटरच्या आत राहिली तर काम उत्तम झालं. त्याहून जास्त हलत असेल तर ॲक्शन कुठेतरी वाकते आहे. बहुधा मागचं भोक अडतंय किंवा पिलर ब्लॉकला नीट टेकलेला नाही. नळीखालून कागदाची पट्टी टोकापासून ॲक्शनपर्यंत न अडकता सरकली पाहिजे.

आवळताना कंपनीच्या पुस्तिकेतला आकडा पाळा. तो नसेल तर एम-६ ला धातूवर धातू असताना ४ ते ५ न्यूटन-मीटर पुरतात. पुढचा आधी, मग मागचा, दर वेळी याच क्रमानं.

खरी परीक्षा मैदानात, म्हणजे धानाच्या रिकाम्या गोदामात किंवा शाळेच्या पडवीत, मागे छर्रे अडवणारी पेटी लावून. रायफल टेकवून, एकाच डब्यातल्या छऱ्यांनी पाच गोळ्यांचे पुंजके काढा. प्रत्येक पुंजक्यानंतर ॲक्शन दस्त्यातून पूर्ण काढा आणि त्याच टॉर्कनं परत बसवा. पुंजके लहान झाले की नाही हे नंतर पाहू; आधी सगळे पुंजके एकाच जागी पडतात का ते पाहा. पडत असतील तर डायॉप्टरला हात न लावता रायफल मुलीच्या किंवा मुलाच्या हातात द्या. जून लागल्यावर, हवा दमट झाली की, हीच चाचणी पुन्हा घ्या आणि दोन्ही कागद वहीत चिकटवून ठेवा.